एकसष्ट मैल

लिअँडर, तुझा तो गव्हर्नर
काल पुन्हा टीव्हीवर बाह्या सरसावून उभा होता,
गव्हाच्या शेतात, गुडघाभर.
ऑक्टोबरात गुडघाभर गहू कॅन्ससमध्ये कुठे असतो रे?
मे महिन्यात काढून ठेवलेली फिल्म ती.
तू जन्मभर गहू पेरलास, तुला दिसलं नाही.
मी नर्स. मला दिसलं.

‘खेड्यांचा माणूस’, खाली मोठी अक्षरं.
खेड्यांचा माणूस!
आपलं हॉस्पिटल बंद पडलं तेव्हा
याने दोन्ही हात वर केले.
वॉशिंग्टनचे पैसे दारात येऊन उभे होते,
ते परत पाठवले, म्हणे तत्त्वाचा प्रश्न आहे.
तत्त्वाला ताप येत नाही, लिअँडर.
तत्त्व रात्री दोन वाजता बाळंत होत नाही.

एकतीस वर्षं ड्यूटी केली मी तिथे.
शेवटच्या दिवशी आम्ही चादरी मोजल्या,
दोनशे चौदा,
आणि कागदावर सह्या केल्या.
आता प्रसूतीच्या खोलीत कुणीतरी ट्रॅक्टरचे टायर ठेवतं.

आणि सप्टेंबरात तुझ्या छातीत कळ आली तेव्हा
तुझ्याच पिकअपच्या मागच्या सीटवर
तुझ्या नाडीवर बोट ठेवून मी
एकसष्ट मैल.
जेरोम गाडी हाणत होता.
रेडिओ बंद करायचं कुणाला सुचलं नाही,
त्यावर स्टेट फेअरमधला दोघांचा सामना चालू होता,
आणि तुझा गव्हर्नर सांगत होता
रस्ते किती गुळगुळीत केले ते.
रस्ते गुळगुळीत आहेत.
तेवढं त्याचं मान्य करायला हवं.

शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तुझा:
‘कोण जिंकलं?’

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे जड काही उचलायचं नाही.
चौथ्या आठवड्यात तू हातोडा उचललास
आणि त्याच्या नावाची पाटी ठोकलीस
नेमकी माझ्या खिडकीसमोर,
जिथे मी भांडी घासत उभी असते.

आता म्हणशील, तुझी ती बाई कोण मोठी लागून गेली.
ऐक मग.
मार्जोरी वेडल जूनमध्ये आली होती, चर्चच्या तळघरात.
आमचे बिअरॉक खाल्ले, दोन,
आणि भाषणात गावाचं नाव चुकवलं.
दुरुस्त करायला गेली तर भलतंच गाव निघालं.
मी उठून विचारलं, हॉस्पिटल कधी उघडणार?
म्हणाली, ‘तुमचं दुःख माझ्यापर्यंत पोचलंय.’
दुःख कुठे, बाई? तारीख विचारली होती.
जाताना सगळ्यांशी हात मिळवले.
माझ्या तोंडाला पानं पुसली गेली हे मला कळत होतं,
तरी तिचीच पाटी काखेत मारून घरी आले.
दगडापेक्षा वीट मऊ.
डोक्यात बसली की वीटही लागते, माहीत आहे मला,
पण लागल्यावर
टाके घालायला जवळ कुणी असेल की नाही,
मत त्याचं आहे.

मंगळवारी सातला मतदान संपेल.
सात वीसला आपली काउंटी तुझ्या रंगाने रंगेल.
टीव्हीवाला आपलं नावही घेणार नाही,
त्याचं बोट विचिटाकडे जाईल,
तिथून पूर्वेच्या उपनगरांकडे,
आणि रात्रभर तिथेच घुटमळत राहील.
तू जिंकलास तरी, मी जिंकले तरी
त्या नकाशावर आपण दोघं
एकाच चौकोनात, न विचारलेले.

मागच्या खेपेला आपल्या केंद्रावर
माझ्या बाजूची अकरा मतं पडली.
दहा जणांची नावं मी सांगू शकते:
लायब्ररीतली कोरिन, तिचा नवरा,
निवृत्त पोस्टमास्तर, असे एकेक.
अकरावं कुणाचं, चार वर्षं शोधते आहे.
हल्ली अ‍ॅडलीन, तुझी बायको,
तिच्या खिडकीत भांडी घासताना
ती पाटी ओलांडून माझ्याकडे बघते
आणि मी बघितलं की नळ मोठा करते.
मी काही विचारलेलं नाही.
तूही विचारू नकोस.

डबा पायरीवर ठेवला आहे.
कोबी जास्त, मांस बेताचं, मीठ अजिबात नाही.
शिव्या खुशाल मला घाल,
मीठ मात्र वरून घालू नकोस.
एकसष्ट मैल फार होतात रे
या वयात.